केसालाही धक्का

एक केस. स्क्रीनवर मोठा केला की दोरीएवढा दिसतो, कपाळाच्या वर उभा, टोकाशी जरासा वाकडा... पासपोर्टच्या फोटोत असले उडते केस चालत नाहीत, म्हणून तिने माउस सरकवला आणि तो पुसला. मग दुसरा. स्टुडिओतल्या या काचेच्या खोलीत बसून ती रोज तेच तर करते – नवरा फोटो काढतो, ती साफ करते. आजचा हा फोटो समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाईचा. ती बाहेर बाकावर बसलीय, लोकरी टोपी मांडीवर घेऊन.

मगाशी तिने ती टोपी काढली, चटचट आवाज झाला आणि सगळं डोकं पिंजारलं. थंडीत हे रोजचंच. हीटरने हवा कोरडी होते, लोकरीचं काही अंगावरून काढलं की केस उभे राहतात. नवरा गिऱ्हाइकाला लांबूनच सांगतो, “आरशापाशी फणी आहे, पाणी लावून बसवा.” कुणाच्या केसांना हात लावत नाही तो. अगदीच हट्टी केस असले तर मला हाक मारतो – “अगं, बघ जरा.”

आज हाक आली नाही. तिने काचेतून पाहिलं – त्याने बोटावर क्रीमचा ठिपका घेतला, तळवे एकमेकांवर चोळले, जवळजवळ कोरडे होईपर्यंत, मग मूठ लाइटच्या लोखंडी स्टँडला टेकवली, हातातली वीज तिथेच उतरावी म्हणून, आणि मग दोन्ही हात बाईच्या भांगापासून खाली, सावकाश... ही रीत माझी. मी शिकवलेली, लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत. “तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही,” असं मोठ्या ऐटीत म्हणत त्याने हात पुढे केला होता आणि चट्! धक्का त्यालाच बसला होता. पोट धरधरून हसलो होतो आम्ही, वेड्यासारखे.

बरं, लावला हात. लावतो माणूस कधी घाईगर्दीत, त्यात काय एवढं – ती स्वतःची समजूत घालत राहिली. पण त्या बाईचं काय करायचं? ती दचकली नाही. वळून बघितलंसुद्धा नाही. त्याची मूठ स्टँडला टेकली, टक् झालं, तेव्हाच तिने डोळे मिटून मान मागे दिली होती. पुढे काय होणार, ते तिला ठाऊक होतं. केसाने गळा कापतात म्हणे... अगं बाई, इतका शब्दशः?

“झाला का गं?” बाहेरून त्याचा आवाज. नेहमीचाच, हेच वाईट.

“होतोय.”

शेवटचा केस राहिला होता. ठेवावा तसाच? फोटो परत येईल, तिची फजिती होईल, बरी खोड मोडेल... पण मग ती पुन्हा येईल, पुन्हा टोपी काढेल, आणि तो पुन्हा तळवे चोळेल. तिने तो केस पुसला. बाई छान दिसत होती फोटोत. पाकीट घेताना म्हणाली, “थँक्यू हं, ताई.” ताई!

संध्याकाळी आवराआवर करताना तिचा जीव इतका घुसमटला, की तिने स्वेटर डोक्यावरून ओढून काढला. तिचे केस चटचटले, उभे राहिले. तो हसला. “थांब, थांब,” म्हणत क्रीमची डबी घेऊन आत आला. तळवे चोळले. मूठ कपाटाच्या लोखंडी दाराला टेकवली. टक्.

किती दिवस चाललंय हे? – प्रश्न दुपारपासून जिभेवर होता, आणि विचारला तर उत्तर मिळेल याचीच तिला भीती वाटत होती. निदान ‘नको’ तरी म्हणावं, एवढं तरी. तिने तोंड उघडलं. बंद स्क्रीनच्या काळ्या काचेत दोघं दिसत होते. त्याचा हात अजून वीतभर लांब होता, आणि माझे केस – माझेच, मेले – एकेक करून उठून त्याच्या तळव्याकडे निघाले होते.