एका स्टॉपवॉचची एकतीस मिनिटं

मी स्टॉपवॉच बोलतोय. हळू, गोड शब्दांत बोलावं अशी अपेक्षा असेल तर आधीच सांगतो, ते आज जमणार नाही. आयुष्यभर नुसती टिकटिक केली, ती तुम्ही सवयीने ऐकलीत. आता जरा चढा आवाजही ऐका. माझ्याकडून जे आकडे घेतले गेले ते खोटे नव्हते. खोटे असते तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेलीच नसती.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी चिमट्याने माझी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरलं, मान हलवली आणि पुन्हा उघडलं. असं तीनदा. चौथ्या वेळी म्हणाल्या, "हं, आता बरोबर बोलतोस." सेकंदाचा पाचवा हिस्सा इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. पोलादी अंग, पांढरी तबकडी, सेकंदांचा लांब काटा आणि साठ मिनिटं मोजणारी आत एक छोटी तबकडी. डोक्यावर एकच बटण. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, तिसऱ्यांदा दाबलं की सगळं पुसून शून्य.

माझे पहिले मालक पोहायला शिकवायचे. त्यांचा हात कायम ओला. पोरं धापा टाकत काठाला लागली की पाण्यातूनच ओरडायची, "किती? किती?" आणि ते मला उलटं धरून ज्याचा आकडा त्याला दाखवायचे. कुणी उड्या मारायचं, कुणी तोंड पाडून पुन्हा पाण्यात शिरायचं. तिथे एक गोष्ट चोख होती, आकडा ज्याचा असेल त्यालाच आधी कळायचा. पुढे बॅटरीवरची घड्याळं आली, माझी रवानगी जुन्या सामानाच्या खोक्यात झाली आणि ते खोकं एका महाविद्यालयाच्या मानसशास्त्र विभागात पोचलं. तिथल्या कपाटात मी बरीच वर्षं धूळ खात पडलो.

मग एक दिवस सरांनी मला बाहेर काढलं. सर म्हणजे विभागाचे प्राध्यापक. चष्मा कपाळावर सरकवून बोलायची त्यांना सवय. त्यांच्यासमोर एक विद्यार्थिनी उभी होती, हातात नवीकोरी वही. तिला एका वृद्धाश्रमात जाऊन निरीक्षण करायचं होतं. आजारी म्हाताऱ्या माणसांनी बेल वाजवली तर मदत किती वेळात येते, हा विषय.

"निरीक्षण म्हणजे नुसतं बघत बसणं नाही," सर म्हणाले. "पहिले दोन आठवडे जे लिहिशील ते फेकून द्यायचं. कुणीतरी बघतंय म्हटल्यावर माणसं शहाण्यासारखी वागतात. त्यांना तुझी सवय होऊ दे. तू त्यांना दिसेनाशी झालीस की खरं काम सुरू."

खरं सांगतो, तेव्हा मला सर आवडले होते. माणसांची नस त्यांना ठाऊक होती.

"आणि कुणी मला काही मागितलं तर?" तिने विचारलं.

"द्यायचं नाही. बोलायचं नाही. तू खुर्ची आहेस असं समज. खुर्ची उठून कुणाला पाणी देते का?"

मग त्यांनी व्याख्या लिहून दिली. बेल वाजल्यापासून कर्मचारी पलंगापाशी येईपर्यंतचा वेळ म्हणजे प्रतिसादाचा वेळ. ती व्याख्या दोनदा वाचून विद्यार्थिनी म्हणाली, "सर, माणूस आला, पण त्याने काही केलंच नाही तर?"

"ते मोजता येत नाही. केलं, नाही केलं, पुरेसं केलं, यात प्रत्येकाचं मत वेगळं. दोन निरीक्षक बसवले तर दोघांच्या वहीत एकच आकडा यायला हवा. पलंगापाशी आला की बटण दाब."

तिने मान डोलावली. तेव्हा मीही डोलावलीच असती. बटण कधी दाबायचं ते स्पष्ट असलेलं मला आवडतं.

वृद्धाश्रमाचा तो वॉर्ड लांबच लांब होता. दोन्ही बाजूंना मिळून बावीस पलंग, प्रत्येकाच्या उशाशी एक बेल, वर भिंतीवर लाल दिवा. बेल दाबली की दिवा लागे आणि दाराजवळच्या फळ्यावर आकडा उजळे. पलंगाजवळचा खटका दाबला की दिवा बंद. बावीस पलंगांना दुपारी एकच मावशी. पायात रबरी चपला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, घामाने कपाळाला चिकटलेले केस.

पहिल्या आठवड्यात नुसता तमाशा होता. व्यवस्थापक स्वतः येऊन पांघरुणं सारखी करत होते. ज्यांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती त्यांना "आजी, झोप लागली का?" विचारत होते. दाराशी फुलदाणी आली. तिसऱ्या आठवड्यात फुलं वाळली, व्यवस्थापक दिसेनासे झाले आणि विद्यार्थिनी कोपऱ्यातल्या खुर्चीइतकीच खुर्ची झाली. म्हातारी मंडळी तिला 'वहीवाली' म्हणू लागली. मीही तेच म्हणतो.

सातव्या पलंगावर मास्तरीणबाई होत्या. शाळेत खेळ शिकवायच्या, मुलींना पळायला शिकवण्यात उमेदीची वर्षं गेलेली. खुब्याचं हाड मोडून बऱ्या होत होत्या, आधाराशिवाय उतरायला सक्त मनाई. माझी टिकटिक त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली.

"ए वहीवाले, ते चावीचं आहे ना? आवाज जड येतोय. चावी दे त्याला."

वहीवाली खाली मान घालून बसून राहिली. पण थोड्या वेळाने तिने गुपचूप मला चावी दिली, आणि मास्तरीणबाई खुदकन हसल्या.

"बोलायचं नाही असं सांगितलंय वाटतं तुला. बरं. मीसुद्धा शर्यत चालू असताना मुलींशी बोलायचे नाही. पण पडली कुणी तर घड्याळ फेकून धावायचे हो."

ते ऐकून वहीवालीचे कान लाल झाले. तिने वहीत काहीच लिहिलं नाही.

आता जे सांगतो त्यासाठीच मी तोंड उघडलंय.

दुपारचे चार वाजायला आले होते. मास्तरीणबाईंनी बेल दाबली. वहीवालीने मला चालू केलं. चार मिनिटं अकरा सेकंदांनी मावशी धावत आली.

"बाथरूमला जायचंय गं. एकटीने उतरता येत नाही."

"आले हं आजी, अकरा नंबरला उलटी झालीय, तेवढं पुसून आले," असं म्हणत मावशीने खटका दाबला. दिवा बंद. मावशी गेली.

नियम म्हणजे नियम. वहीवालीने मला थांबवलं आणि लिहिलं, चार मिनिटं अकरा सेकंद, प्रतिसाद मिळाला. कसला प्रतिसाद? बाईंना गरज होती तिथेच त्या पडून होत्या! पण आकडा खरा होता. हेच तर माझं दुखणं आहे.

पाच मिनिटांनी पुन्हा बेल. पुन्हा मावशी, पुन्हा "आले हं", पुन्हा खटका. पाच मिनिटं दोन सेकंद. प्रतिसाद मिळाला.

तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा मास्तरीणबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. मी चालू झालो. साडेपाच मिनिटांनी मावशी दारातून जवळजवळ पळतच आली, काही न बोलता खटका दाबला आणि आली तशी गेली. वहीवालीचा अंगठा माझ्या बटणावर होता. दाबणार, दाबणार म्हणता तिने तो उचलला. मी चालूच राहिलो.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मास्तरीणबाईंनी पुन्हा बेल दाबली नाही. भिंतीकडे तोंड करून त्या हळूच म्हणाल्या, "लाज वाटते गं." कुणाला म्हणाल्या कोण जाणे. वीस मिनिटं. पंचवीस. तीस मिनिटांनी त्यांनी पांघरूण बाजूला सारलं आणि एक पाय खाली सोडला.

वहीवाली अर्धवट उठली. आणि पुन्हा बसली.

ती बसली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. चांगल्या घरची, चांगल्या मनाची, घरी आजीचे पाय दाबत असेल अशी मुलगी. कुणीतरी तिला खुर्ची हो म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती बसली. त्याच क्षणी मास्तरीणबाईंचा दुसरा पाय घसरला. फरशीवर आदळल्याचा आवाज झाला. तेव्हा कुठे तिने वही भिरकावली आणि धावली. धावता धावता तिच्या मुठीत मी दाबला गेलो. एकतीस मिनिटं, आठ सेकंद.

मास्तरीणबाईंना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यांनी तिचा हात पकडला. "किती झाले?"

"एकतीस मिनिटं, बाई. आठ सेकंद."

"लिही."

तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पान सरांपुढे ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे वापरता येणार नाही. साडेपाच मिनिटांनी मावशी आली होती ना? तिथे बटण दाबायला हवं होतं. वरून तू उठलीस, म्हणजे निरीक्षणात ढवळाढवळ झाली. सात नंबरचा पलंग काढून टाक."

"सर, त्या पडल्या."

"वाईट झालं. फार वाईट झालं. पण एका प्रसंगावरून शास्त्र होत नाही, बाळ. भावनेच्या भरात वर्ष वाया घालवू नकोस."

बाळ! माझी चावी मला स्वतःला देता आली असती तर त्या दिवशी मी टेबलावर थयथयाट केला असता. पलंग काढून टाक म्हणे! पलंग काढला की माणूस जातं वाटतं? सात नंबर वगळून सरासरी निघाली, चार मिनिटं पन्नास सेकंद. व्यवस्थापकांनी तो कागद चौकटीत बसवून दाराशी लावला.

पाचव्या दिवशी मला पर्समध्ये टाकून वहीवाली हॉस्पिटलात गेली. मास्तरीणबाईंच्या उशाशी त्यांची धाकटी बहीण बसली होती. तिला वृद्धाश्रमातून सांगण्यात आलं होतं की पेशंट हट्टी आहे, बेल न वाजवता उतरली. वहीवालीने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काहीही गाळलं नाही.

"आणि तू बघत बसलीस?" बहिणीने विचारलं.

"हो."

"एकतीस मिनिटं?"

"हो."

बहीण उठली. मला वाटलं, आता कानाखाली आवाज निघणार. निघाला असता तर मी बहिणीच्या बाजूने असतो. पण पलंगावरून क्षीण आवाज आला, "तिला रागव, पण तिला घालवू नकोस. तिच्याकडे पान आहे."

वहीवालीने त्या पानाखाली सही केली आणि ते बहिणीच्या हातात दिलं.

बहिणीने ते पान जोडून तक्रार केली आणि चौकशी झाली. लांब टेबलाशी तपासणी अधिकारी बाई, एका बाजूला व्यवस्थापक, त्यांच्या शेजारी सर. व्यवस्थापकांनी चौकटीतला कागद पुढे केला. अधिकारी बाईंनी तो वाचून विचारलं, "यात प्रतिसाद म्हणजे नेमकं काय?"

वहीवालीने व्याख्या वाचून दाखवली. तेवढ्यात दाराशी उभी असलेली मावशी बोलली. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"म्हणजे मी दिवा बंद केला की झालं? अहो बाई, फळ्यावर आकडे लागलेले दिसले की साहेब ओरडतात. म्हणून आधी दिवे विझवत पळायचं, मग जमेल तशी माणसं बघायची. बावीस जणं आणि मी एकटी! हिच्या वहीत माझं बरं चाललंय असं लिहिलंय होय? मला दोन महिन्यांत ही पोरगी एकदा तरी विचारती, मावशी, तुमचं कसं चाललंय!"

सर म्हणाले, "मुलाखत हा आमच्या अभ्यासाचा भाग नव्हता."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा कागद पुन्हा भिंतीवर लावायचा नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

दुपारच्या पाळीला आणखी दोन मावश्या आल्या. व्यवस्थापक बदलले. मास्तरीणबाई बहिणीकडे राहायला गेल्या. त्या पुन्हा चालल्या नाहीत. वहीवालीने नियम मोडून नोंदी बाहेर दिल्या म्हणून विभागाने तिचं काम रद्द केलं. आता ती दुसरीकडे, दुसऱ्या विषयावर शिकते असं कानावर आलं. आणि सरांचा शोधनिबंध? छापून आला. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'काही अपवादात्मक नोंदी वगळल्या आहेत.' मास्तरीणबाईंची ती एकतीस मिनिटं त्या ओळीत पुरलेली आहेत.

मी पुन्हा कपाटात आलो. काच तडकली आहे, पण चालतो अजून बिनचूक. बघण्याला माझा विरोध नाही, मोजण्याला तर मुळीच नाही. मी दुसरं करणार तरी काय? पण काय मोजायचं हे ठरवणारा आरामात बसलेला आणि सोसणारा दुसराच, हे मला आता सहन होत नाही.

काल एका नव्या मुलीने मला बाहेर काढलं, फुंकर मारली, चावी दिली. उद्या ती मला घेऊन पाळणाघरात जाणार आहे. तिच्या हातातला कागद मी वाचला. 'बाळ रडू लागल्यापासून रडणं थांबेपर्यंतचा वेळ नोंदवावा.' बस, एवढंच.

तिला ऐकू जाईल असं तोंड मला नाही, म्हणून तुमच्यापैकी ज्यांना आहे त्यांनी हे तिला सांगा. पोरी, बाळ गप्प झालं की लगेच बटण दाबू नकोस. आधी उठ, पाळण्यात वाकून बघ. कुणी उचलून घेतलं म्हणून ते गप्प झालं, की कुणीच येत नाही हे त्याला कळलं म्हणून?