विहिरीच्या वहीतले कोरे दिवस

अकरा वर्षं मी रोज सकाळी सातला देवळाजवळच्या विहिरीत दोरी सोडते, पाणी किती खाली गेलंय ते मोजते आणि वहीत लिहिते. भूजलाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेचं काम. ताप असो, लेकीचं लग्न असो, मोजलंच. आता गुडघे बोलतात.

परवा पुण्याहून संचिता आली. ही पोर पाण्याचा नाही, पाणी मोजणाऱ्यांचा अभ्यास करते. संशोधनात खोटे आकडे कोण घालतं आणि का, हा तिचा विषय. चहा पिता पिता म्हणाली, "विनीताकाकी, तुमची वही अविश्वसनीय गटात गेलीय. तीन वेळा सलग तीन दिवस कोरे आहेत. अशा नोंदी संस्था वगळणार. महादूकाकांची वही बघा, एक दिवस चुकलेला नाही."

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षं मातीत घालायला निघाली होती ही.

"अगो बाय, ती गावपळण. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की सगळं गाव कोंबड्या-कुत्र्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झोपड्यांत राहतं. आत पाऊल टाकायचं नाही. मोजणार कोण, भुतं?"

"मग महादूकाकांनी कसं मोजलं?"

महादूही याच संस्थेसाठी मोजतो; त्याची विहीर आमच्याच गावात, वरच्या वाडीत. आम्ही दोघी त्याच्याकडे गेलो, तर तो पडवीत विडी ओढत बसला होता.

"कोरो कागद दिलो की सायब बोलता. म्हणान अंदाजान लिवलंय. तीन दिवसांत पाणी खंय पळान जातला?"

महादू लबाड नाही. संचिताच्या यादीत खोटेपणाची कारणं होती बढती, प्रसिद्धी, पैसा. त्याला फक्त बोलणी खायची नव्हती. ते यादीत नव्हतं.

संचिताने लॅपटॉप उघडला. "काकी, त्यांची वही मी आदर्श नमुना म्हणून घेतलीय. सोमवारी परिषदेत मांडायचंय."

"मग बदल."

"आता बदललं तर सगळंच कोसळतं. माझ्या मॅडम ऐकायच्या नाहीत." तिने लॅपटॉप मिटला. जाताना वाकून नमस्कार केला, पण माझी वही होती त्याच गटात राहिली.

"पोरीक पण बोलणी खावची नाय," महादू म्हणाला.

मला तिचा राग आला नाही, नुसता थकवा आला. उद्या सातला मी विहिरीवर जाईन की नाही, सांगता येत नाही.