मेदेतच्या गाडीचा हिवाळा

आपांनी, म्हणजे माझ्या आईनं, मला बोलावलं तेव्हा त्या चुलीशी बसून लोकर पिंजत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "सागिन, बर्फ खिंडीपर्यंत उतरलाय. मेदेतच्या गाडीचं काय ते कर."

"तुम्हीच म्हणाला होतात ना आपा, वर्ष होईपर्यंत तिला हात लावायचा नाही?"

"बसायचं नाही म्हणाले होते. मेलेल्या माणसाच्या घोड्यावर वर्षभर कोणी बसत नाही. पण म्हणून त्याला हिवाळ्यात उपाशी मारतात का रे? चारा घालतातच ना? मग हिला जो काय चारा लागतो तो घाल. इंजिन मात्र आत्ता सुरू करायचं नाही. मे महिन्यात वर्षाच्या जेवणाला ती सगळ्यांच्या पुढे चालत आली पाहिजे. ढकलत आणलीस तर पाहुण्यांसमोर माझी मान खाली जाईल."

आईचं मन वळवण्याइतकी अक्कल मला चोपन्नाव्या वर्षीही आलेली नाही. मी हत्यारांची पेटी उचलली.

मेदेत माझा धाकटा भाऊ. एप्रिलच्या शेवटी, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, खिंडीखालच्या वळणावरून गाडीसकट नदीत पडून गेला. नुकतं छत्तिसावं लागलं होतं. आमच्या आजोबांच्या काळात माणूस गेला की त्याच्या घोड्याची शेपटी कापायचे आणि वर्षभर त्याला मोकळा सोडायचे. मेदेतकडे घोडा नव्हता, साइडकार जोडलेली जुनी रशियन मोटरसायकल होती. म्हणून ती नदीतून ओढून काढल्यावर आपांनी कात्री आणली, तिच्या हँडलला लोंबणारे चामड्याचे गोंडे कापले आणि सांगितलं, वर्ष होईपर्यंत हिच्यावर कोणी बसायचं नाही. दोघाचौघांना हसू आलं, त्यांनी ते टोपीआड लपवलं. मला हसू आलं नाही. गाडी गोठ्यामागच्या खोपटात गेली, तिच्यावर लोकरीचा जाड नमदा पडला, आणि मला इतकं हायसं वाटलं की स्वतःचीच शरम वाटली.

का ते सांगतो. गावात इंजिन खोलणारा मी एकटा. ट्रॅक्टर, पंप, गाड्या, सगळं माझ्याच अंगणात येऊन पडतं आणि मी सगळ्यांना 'उद्या' म्हणून सांगतो. मेदेत गेला त्याच्या आदल्या दुपारी तो माझ्याकडे आला होता. मी ट्रॅक्टरखाली उताणा पडलो होतो. थोरला म्हणून घरात सगळे मला 'आके' म्हणतात.

"आके, पुढच्या ब्रेकची तार मुठीपाशी उसवत चाललीय. मागचा ब्रेक तर नावालाच आहे. बघता का जरा?"

"उद्या बघू."

"उद्या पहाटे मला वर कोकरांचं औषध घेऊन जायचंय."

"मग परवा. हळू जा की! तुझ्या मागे काय लांडगा लागलाय?"

तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. अपघाताच्या चौकशीला जिल्ह्याहून आलेल्या माणसानं गाडीकडे लांबूनच पाहिलं, कागदावर 'ओला रस्ता' असं लिहिलं आणि आपांकडचा चहा पिऊन तो परत गेला. त्या दोन शब्दांवर मी सात महिने काढले. तार शाबूत असेल तर मेदेतला ओल्या रस्त्यानं मारलं. तार तुटलेली असेल तर मी मारलं. आपांच्या त्या रिवाजामुळे कोणी नमदा उचलणार नव्हतं, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं होतं.

आता तो मलाच उचलावा लागला. खोपटात नदीच्या गाळाचा वास होता. साइडकारची उजवी बाजू चेपलेली, पुढचा दिवा फुटलेला, बाकी गाडी धड होती. मी हँडलच्या उजव्या टोकाकडे न बघता टाकीपासून सुरुवात केली.

पेट्रोल नळीनं डब्यात उतरवत होतो तेवढ्यात झारकिन किटली घेऊन आली. झारकिन म्हणजे मेदेतची बायको, आपांजवळच राहते. सात महिन्यांत ती माझ्याशी मोजून सात वाक्यं बोलली असेल, आणि तीही मेंढ्यांबद्दल.

"आपांनी पाठवलंय. म्हणाल्या, तो एकटा असला की काम टाकून विड्या ओढत बसतो."

"त्यांना सांग, कारागीर विचार करतो तेव्हा तसाच दिसतो."

"मग तुम्ही फार विचार करता, आके," ती म्हणाली. माझ्या हातात दुधाच्या चहाची वाटी देऊन ती निघून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. बाह्या वर केल्या आणि डबा धरला.

बाईच्या हाताला काम माहीत होतं, हे कबूल करायला हवं. मी मागायच्या आत पाना पुढे येत होता. कार्ब्युरेटरमधलं उरलंसुरलं पेट्रोल काढलं. दोन्ही बाजूंचे प्लग काढले, दोन्ही सिलिंडरांत चमचा चमचा तेल सोडलं आणि तिनं किक हातानंच हळूहळू दाबून ते आत फिरवलं. बॅटरी सोडवली, घरात चुलीमागे ठेवायला. धुराड्यांत चिंध्यांचे बोळे कोंबले, नाहीतर वसंतात आतून उंदरांचं अख्खं कुटुंब बाहेर पडतं. मग मेंढीच्या शेपटीची वितळलेली चरबी घेऊन आम्ही चकचकीत भागांवर चोळायला लागलो. आमच्याकडे गंजाला दुसरं औषध नाही.

"ही उंदीर चाटतात," ती म्हणाली.

"चाटू देत. जाडे झाले की मांजराला तरी हिवाळा बरा जाईल."

ती थोडीशी हसली, मेदेत गेल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटलं. आता फक्त तारांना तेल द्यायचं राहिलं होतं. क्लचची तार झाली, अ‍ॅक्सिलरेटरची झाली. मी तेलाचा डबा घेऊन उजव्या बाजूला वळलो, तशी ती पटकन म्हणाली, "आके, पुरे आता. हात गारठलेत तुमचे. बाकीचं राहू द्या."

मला तेच हवं होतं. मी डब्याचं झाकण अर्धं लावलंसुद्धा. पण मे महिन्यात ही गाडी घेऊन सगळ्या पाहुण्यांपुढे उतारावरून यायचं होतं ते मलाच. बिनतेलाची तार इथल्या थंडीत आतल्या आत आखडते, मग ब्रेकचा भरवसा नाही. कधी ना कधी बघावंच लागणार होतं. मी दाराकडे पाठ केली आणि मुठीवरचा रबरी बुरखा मागे सरकवला.

तिथे ब्रेकच्या तारेला दुसरीच एक तार जोडलेली होती. मेंढ्यांच्या कुंपणाला लावतो ती. उसवलेल्या धाग्यांवर तिचे सहा-सात पीळ घातले होते, घट्ट आणि नीटनेटके, आणि तिच्या टोकाचा आकडा करून तो मुठीच्या भोकात अडकवला होता. म्हणजे अडकवला असणार. आता तो आकडा सुईसारखा सरळ झाला होता आणि तार मोकळी लोंबत होती.

अशी कुंपणाची गाठ आमच्या घरात एकाच माणसाची. मेदेतला साधं दावंसुद्धा धड बांधता येत नव्हतं.

"मी बांधली ती," झारकिन मागून म्हणाली. "तुमच्याकडून तो आला आणि म्हणाला, आके परवा बघणार आहेत. मी म्हटलं, आण इकडे, तोपर्यंत मी बांधून देते. आमच्या मेंढवाड्याचं दार त्याच तारेनं चार वर्षं टिकलंय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "सुटली होती का, आके? आपांनी गाडीला हात लावू नका म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. एवढंच सांगा, सुटली होती का?"

सात महिने मी एकटाच त्या नमद्याखाली दडलोय असं समजत होतो. आणि ही पोरगी माझ्या शेजारीच दडलेली. चूक माझी, आणि रात्ररात्र जागत होती ती! मला माझ्याच हातांचा संताप आला. खिशात पकड होती. मी तिच्या आणि मुठीच्या मधे उभा राहून तो आकडा पुन्हा वळवला, भोकात अडकवला आणि बाजूला झालो.

"बघ. जागच्या जागी आहे. तुझी तार सुटलेली नाही."

मला वाटलं होतं, ती खाली बसेल, देवाचं नाव घेईल, रडेल. ती जागची हलली नाही.

"मग ब्रेक लागत होता," ती म्हणाली.

"लागत होता. रस्ता ओला होता गं."

"त्या वळणावरून त्यानं शेकडो वेळा गाडी नेलीय. पावसातही नेलीय. ब्रेक लागत होता, तर दाबला का नाही त्यानं?"

मी पकड खिशात सरकवली.

"त्या पहाटे आम्ही भांडलो, आके. तो रशियाला कामाला जायचं म्हणत होता, दोन वर्षांसाठी. मी म्हटलं, जा, आणि परत नाही आलास तरी चालेल. असंच म्हटलं मी. त्यानं चहा प्यायला नाही. औषधाचा डबा घेतला आणि गेला." तिनं सीटवर हात टेकला. "सात महिने मी देवाकडे मागत होते की माझी तार सुटलेली असू दे. माझ्या हातानं मेला असू दे. मुद्दाम गेलेला नसू दे."

काय करून बसलो होतो मी! दया म्हणून एक खोटं बोललो आणि माझ्या भावाला त्याच्या बायकोसमोर आत्महत्या करायला लावली. ते खोटं मला सोयीचंही होतं, हे मला तिथंच कळलं. तार शाबूत ठरली असती तर मी आयुष्यभर ओल्या रस्त्याच्या नावानं सुटलो असतो.

"झारकिन, खोटं बोललो मी. सुटली होती तार. आत्ता मी पकडीनं वळवली."

"आता तुम्ही माझं मन राखताय."

"मी आयुष्यात कुणाचं मन राखलेलं नाही. इकडे ये. उजेडात ये."

मी तार भोकातून काढली आणि दाराशी नेऊन तिच्या समोर धरली. सात महिन्यांचा गंज चढला होता, तपकिरी, सगळीकडे सारखा. फक्त आकड्याच्या वळणावर पकडीचे ताजे चरे चमकत होते. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं आयुष्यभर तारा वळल्या आहेत.

"आधी सरळ होती?" तिनं विचारलं.

"सुईसारखी."

"ही तार आपोआप सरळ होत नाही."

"नाही होत."

"बैलांनी ओढली तरी होत नाही."

"त्यानं मूठ आवळली होती झारकिन, जीव खाऊन आवळली होती. पण हे काम कुंपणाच्या तारेचं नव्हतंच. नवी तार माझ्या पेटीत पडून होती. अर्ध्या तासाचं काम होतं आणि ते मी केलं नाही. तो माझ्याकडे आला होता. तुझ्याकडे त्याला यावंच लागायला नको होतं."

हे शेवटचं तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. तार तिनं माझ्या हातातून घेतली आणि आकड्याच्या जागेवर अंगठा फिरवत राहिली.

"म्हणजे त्याला घरी यायचं होतं," ती म्हणाली. मला नव्हे, गाडीला म्हणाल्यासारखं.

"यायचंच होतं त्याला."

तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी ओळखलाच नाही. मयतीच्या दिवशी बायकोनं भिंतीकडे तोंड करून नवऱ्याच्या नावानं शोक गायचा असतो. एप्रिलमध्ये बायका तिच्या बाजूला बसून वाट बघत राहिल्या, आणि हिचा गळाच उघडला नाही. गावभर त्याची कुजबुज झाली, अजून होते. आता ती खोपटाच्या मातीत, चरबीच्या वाडग्याशेजारी गुडघ्यांवर बसली आणि गायला लागली. माझ्या डोंगरच्या वाटसरा, परत फिरला होतास, घराकडे फिरला होतास, असं काहीतरी. शब्द मोडत होते, सूर धड नव्हता. ऐकवत नव्हतं.

आपा काठी टेकत दारात आल्या. सुनेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डोक्यावरचं फडकं सारखं केलं, तिच्या शेजारी खाली बसल्या आणि तिच्या सुरात आपला थरथरता सूर मिसळला. माझ्याकडे दोघींपैकी कुणीच पाहिलं नाही. तिथून हळूच निघून जाता आलं असतं, आणि पाय निघालेही होते.

मी त्यांचा शोक संपेपर्यंत गाडीपाशी उभा राहिलो. आपांनी डोळे पुसले आणि विचारलं, "काय सापडलं रे तुला?"

झारकिननं तार मुठीत लपवली. तिनं मला वाचवायचं ठरवलं होतं, की स्वतःला, ते मला कळलं नाही. मी तिच्यासमोर हात पुढे केला. तिनं मूठ उघडून तार माझ्या तळव्यावर ठेवली.

"आपा," मी म्हणालो, "मेदेत आदल्या दिवशी माझ्याकडे आला होता."