वातींच्या डब्यावरचा नंबर

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, आणि शेखरला मी अजून माफ केलेलं नाही.

कारखान्यातून निघतानाच मला पंधरा आकड्यांचा एक नंबर मिळाला. सिम काढा, आतलं सगळं पुसा, तो नंबर जात नाही. तोच माझ्या डब्यावरही छापलेला होता. नानांनी मला बूढापारा भागातल्या दुकानातून बायकोसाठी, इंदूताईंसाठी, आणलं आणि शिकवलं, "स्टार हॅश झीरो सिक्स हॅश दाबलं की याचा नंबर दिसते." रिकामा डबा इंदूताईंनी देवघरात ठेवला, कापसाच्या वाती भरून. नाना हसले. "तुले काहीच फेकवत नाही!"

पुढे नाना गेले. त्यांचे फोटो माझ्यात राहिले.

दिवाळीच्या फराळाला नानांचा भाचा शेखर आला आणि जाताना मला खिशात घालून गेला. दुसऱ्या दिवशी तोच शोधायलाही आला!

"मामी, तुम्हीच कुठं ठेवला असन. आजकाल विसरून राहिल्या तुम्ही."

"मी इथंच ठेवला होता. डब्यावर नंबर आहे, ठाण्यात तक्रार दे."

"उससे कुछ नहीं होता, मामी."

त्या दिवसापासून घरात सगळे इंदूताईंशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले. सून अर्चना म्हणाली, "आई, कपाटाच्या चाव्या आता माझ्याजवळ राहू द्या." इंदूताईंनी कमरेच्या चाव्या काढून दिल्या. तिकडे शेखरने नानांचे फोटो पुसले, मला निळं कव्हर चढवलं आणि बायकोला भेट दिलं. मी वाट पाहत राहिलो.

संक्रांत आली. बिचाऱ्या राधिकेला काय ठाऊक? ती मला मिरवत मामींच्याच हळदीकुंकवाला आली. कव्हराबाहेर डोकावणारा, नानांच्या हातून पडून फुटलेला माझा कोपरा इंदूताईंनी ओळखला.

"राधिका, दाखव बरं मले."

त्यांनी बोटं चालवली. माझ्या पडद्यावर नंबर उमटला. तेवढ्यात शेखर बायकोला न्यायला दारात आला.

"ये शेखर. हा नंबर वाच. मोठ्यानं. अर्चना, देवघरातून वातींचा डबा आण."

"मामी, ये क्या…"

"वाच."

त्याने एकेक आकडा वाचला. अर्चना डब्यावरचा तोच आकडा म्हणत गेली. बायकांच्या हातातले तिळगूळ तसेच राहिले. शेवटचा आकडा अर्चनाला एकटीलाच म्हणावा लागला. मित्रांनो, तो क्षण मला साखरेहून गोड लागला!

अर्चनाने चाव्या सासूच्या कमरेला खोचल्या.

नानांचे फोटो परत आले नाहीत. म्हणून माझा राग जात नाही.

मुलांनो, तुमच्या फोनचा नंबर आजच पाहून ठेवा, त्याचा डबा सांभाळा. आणि घरातलं म्हातारं माणूस 'मी इथंच ठेवलं होतं' म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा.

शेखर अजून येतो. खाली मान घालून विचारतो, "कशा आहात, मामी?"

इंदूताई मला हातात घेतात आणि म्हणतात, "मजेत. सगळं आठवते."