चार नंबरचा जॉब

सत्यशीलाबाईंनी सीलबंद पिशवी उजेडाकडे धरली आणि आतला काळा तुकडा पिशवीसकट उलटा केला.

"पिस्तुलाचा घोडा आहे," फौजदार हिंदुराव म्हणाले. "येरवड्यात एकाच्या डिकीत सापडला. तुमच्या या थ्रीडी प्रिंटरवर काढलाय म्हणतो. कुणी काढून दिला, ते मात्र सांगत नाही."

"प्लास्टिकचा आहे."

"कायद्याला प्लास्टिक चालतं, बाई. सुटा भाग असला तरी शस्त्रच." त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. "मशीन हाच सांभाळतो ना? चल रे."

आफताब स्टुलावरून उठला. त्यानं खिशातली वर्गाची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

तुकड्याच्या खालच्या अंगाला, नखाएवढ्या जागेत, '४' होता. फौजदारांना तो कारखान्याचा आकडा वाटला असावा. बाई आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटरचं काम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. धायरीतल्या या वर्गातही पहिल्या दिवशी त्या एकच नियम सांगत: ज्याचा जॉब, म्हणजे ज्यानं घडवलेली वस्तू, त्याचा हजेरी नंबर, खालच्या बाजूला. बिघडला तरी. पोरं पुढे न सांगता घालत, हात धुवावेत तसा.

आफताब वर्गात शिकत नव्हता. त्याला नंबर नव्हता.

"पाच मिनिटं द्या," बाई म्हणाल्या. "आज तपासणी आहे."

"आत्ता?"

"आठवडाभर घासलंय पोरांनी. चहा सांगू?"

"चहा नको."

टेबलावर चार बिजागऱ्या रांगेत होत्या. बाईंनी पिशवी त्या रांगेच्या शेवटी ठेवली, खालची बाजू वर करून.

"पुरावा आहे तो," फौजदार म्हणाले.

"पिशवीतच राहील." बाई मुलांकडे वळल्या. "आपापला जॉब उचला."

आनंद आला. बिजागरी उलटून नंबर पाहिला, घेऊन गेला. मग श्रद्धा. तेजस पिशवीला बोट लागू नये म्हणून हात आखडूनच पुढे आला.

पॉलिटेक्निकची नम्रता शेवटी आली. तिनं उरलेली बिजागरी उचलली, सवयीनं उलटी केली. अंगठा नंबरावरून फिरला. मग तिची नजर पिशवीतल्या '४'वर गेली.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसायला घेतला. बराच वेळ पुसत राहिल्या. दाराशी आफताब चपला शोधत होता.

"बाई," नम्रता म्हणाली, "दोन आहेत माझे."

फौजदार तिच्याकडे वळले.

"ज्यानं काढून घेतला, तो खेळण्यातला भाग म्हणाला होता," ती म्हणाली. "मी पुन्हा विचारलं नाही."

तिनं बिजागरी बाईंच्या हातात दिली आणि पिशवी उचलून फौजदारांपुढे धरली. ती घेण्याआधी त्यांनी महिला शिपायाला फोन लावला.

बाईंनी बिजागरी दोनदा उघडली, मिटली. कुठं अडकली नाही. वहीत चार नंबरापुढे त्यांनी गुण लिहिले, मग टेबलावरची किल्ली आफताबच्या हातात ठेवली.

"मशीन बंद कर," त्या म्हणाल्या. "मी हिच्याबरोबर जातेय."