कुशीवर झोपणाऱ्यांची उशी

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते धाकटीने सासूबाईंना डोंगरावर न्यायचं ठरवलं त्या संध्याकाळपासून. तीन दिवस, दोन रात्री, तंबूत मुक्काम. धाकटी शाळेत खेळ शिकवायची आणि सुट्टी मिळाली की नवऱ्याला घेऊन, पाठीवर बोचकं मारून कुठल्या तरी डोंगरावर पळायची. त्याला थोरलीची हरकत नव्हती. जाईनात का बापडी. पण या वेळी ती सोफ्यावर सासूबाईंना खेटून बसली आणि म्हणाली, आई, तुम्हीही चला. आणि ज्यांना थोरलीने कोपऱ्यावरच्या बागेत चला म्हटलं की हमखास गुडघा आठवायचा, त्या सासूबाई चटकन हो म्हणाल्या. गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही.

‘ताई, तुम्हीही या ना,’ असं धाकटी म्हणाली, नाही असं नाही. पण समोरून नकारच येणार हे ठाऊक असलं की माणूस जसं म्हणतो, तसं म्हणाली. थोरली पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला होती. लोक साखरझोपेत असायचे तेव्हा ती भट्टीसमोर उभी. तिला कोण सुट्टी देतंय?

आता थोरलीची बाजूही ऐकून घ्या, नाहीतर उगाच तिला कजाग ठरवाल. तिचा नवरा मालवाहू जहाजावर. वर्षाकाठी घरी यायचा पाहुण्यासारखा. सासरे गेले तेव्हा सासूबाईंना सोबत हवी म्हणून तिने वरच्या मजल्यावरची आपली खाट खाली त्यांच्या खोलीत आणली, ती तिथेच राहिली. चष्मा, कवळी, गोळ्या, डॉक्टर, सगळं तिच्याकडे. उजवा खांदा धरतो म्हणून रोज संध्याकाळी मलम चोळायचं तेही तिनेच. धाकटी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. आठवड्यातून एकदा यायची, तासभर सासूबाईंना खो खो हसवायची आणि उड्या मारत निघून जायची. आणि तरी सासूबाई तिला लाडाने काय म्हणायच्या? भिंगरी. थोरलीला इतक्या वर्षांत एक टोपणनाव जडलं नाही. थोरली म्हणजे थोरली, कपाटाला कपाट म्हणावं तशी.

जळत होती ती, सरळ सांगायचं तर. भाकरीच्या तव्यासारखी आतून तापली होती आणि वरून ‘जाऊन या हो, छान हवा असते’ म्हणत होती.

एकच गोष्ट अशी होती जी तिला ठाऊक होती आणि धाकटीला नव्हती. सासूबाई झोपतात कशा. उजव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे, तळहात गालाखाली, आणि पाठीशी रजईची घट्ट वळकटी लावून. रात्रभर तशाच. पाठ थोरलीकडे असायची हे तिला कधी कधी लागायचं, पण म्हाताऱ्या माणसाची सवय, आपण काय बोलणार? तर धाकटी सामानाचं वजन हिशेबाने कमी करत होती आणि म्हणाली, उशीबिशी काही नको, कपड्यांची पिशवी डोक्याखाली घेतली की झालं. थोरलीने ही संधी सोडली नाही.

“आई कुशीवर झोपतात,” ती म्हणाली. “पिशवीने मान लटकेल, खांदा आणखी धरेल. उशी मी आणते. तुला नाही कळायचं त्यातलं.”

धाकटी बिचारी बरं म्हणाली. तिला त्यात काही टोचलंच नाही, आणि याचाही थोरलीला रागच आला.

पाळी संपल्यावर ती थेट गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानात गेली. केसांना पीठ लागलेलं तसंच. छताला तंबू टांगलेले, भिंतीवर दोऱ्या, आणि गल्ल्यावर एका पायाने लंगडणारा, रापलेल्या चेहऱ्याचा दुकानदार. त्याने उशांचा ढीगच पुढ्यात टाकला. एक नुसती हवा भरायची. मुठीत मावायची, पण गाल टेकला की चिप्सचं पाकीट चुरगळावं तसा आवाज. एक स्पंजची, मऊसूत, पण गुंडाळल्यावरही अर्धं बोचकं खाणारी. दुकानदाराचं म्हणणं असं की पाठीवर झोपणाऱ्याला काहीही चालतं, कुशीवर झोपणाऱ्याचं तसं नसतं. खांद्याच्या टोकापासून मानेपर्यंत जी पोकळी राहते ती उशीने भरली पाहिजे. कमी भरली तर मान खाली लटकणार, जास्त भरली तर वर ढकलली जाणार. माणूस आडवं झाल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून तो येईल त्या गिऱ्हाइकाला दुकानाच्या मधोमध अंथरलेल्या चटईवर झोपवायचा. उशी ज्यांना हवी त्यांनाच घेऊन या, असं त्याने सुचवलं.

थोरली म्हणाली, त्यांची गरज नाही. खांदे आमचे सारखेच, माझा झगा त्यांना होतो. आणि त्या कशा झोपतात ते मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि झोपली की हो भर दुकानात. उजव्या कुशीवर, तळहात गालाखाली. बूट घ्यायला आलेलं एक जोडपं बघत राहिलं. दुकानदार वाकून बघायचा, नाक आणि छातीचं हाड एका रेषेत आहे का, मान हलवायचा, पुढची उशी द्यायचा. सहाव्या का सातव्या उशीला तो थांबला. आत हवा, वर स्पंजचा पातळ थर, त्यावर सुती खोळ. मध्ये खोलगट, म्हणजे डोकं घरंगळत नाही. खाली खरबरीत कापड, म्हणजे चटईवरून सटकत नाही. आवाज नाही. हातात घेतली तर पावाच्या गोळ्याहून हलकी. वर हवेची कळ अशी की पडल्या पडल्या थोडी हवा सोडून हवी तेवढी उंची करता येते. थोरलीने तिथेच डोळे मिटले आणि तिला मनापासून वाटलं, आता ने म्हणावं कुठे न्यायचं ते. रात्री डोकं टेकतील तेव्हा तरी माझी आठवण येईल.

निघायच्या दिवशी तिने हवा किती भरायची, किती सोडायची, हे सासूबाईंना तीन वेळा समजावलं. सासूबाई हो हो म्हणाल्या, पण लक्ष सगळं दाराबाहेर, भिंगरीच्या हाकेकडे.

दुसऱ्या दिवशी दिराने फोनवर फोटो पाठवले. सासूबाई धाकटीची टोपी घालून कातळावर उभ्या. सासूबाई ओढ्यात पाय सोडून. आणि तिसऱ्या फोटोत तंबूपुढे बसून चहा पिताहेत, ऐटीत, आणि बुडाखाली काय? उशी. थोरलीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. तीच. जिच्यासाठी ही बाई लोकांदेखत जमिनीवर लोळली, तिच्यावर बसून चहा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या पहाटे कारखान्यात कणकेला जे बुक्के बसले ते कणकेने जन्मात खाल्ले नसतील.

तिघं परत आली ती तिसऱ्या दिवशी भर दुपारी, उन्हाने लाल झालेली आणि हसत हसत. बोचकी दारात टाकून सगळी सासूबाईंच्या खोलीत आली. धाकटीने उशी काढून थोरलीच्या हातात दिली आणि म्हणाली, ताई, काय मस्त आहे हो, कातळावर बसायला तर एक नंबर.

“आणि झोपायला?” थोरलीने विचारलं.

“झोपायला कुठे लागली? आई पाठीवर झोपतात ना. पिशवीसुद्धा काढून टाकली त्यांनी.”

थोरली म्हणाली की आई कुशीवर झोपतात. धाकटी म्हणाली, छे, दोन्ही रात्री पाठीवर, हातपाय पसरून, आणि घोरतात काय, तंबूच्या खुंट्या निघतील असं वाटलं. यावर थोरलीचा आवाज चढला. आई घोरत नाहीत, आयुष्यात घोरल्या नाहीत, शेजारी मी झोपते का तू? सासूबाई मुकाट्याने बुटांच्या नाड्या सोडत होत्या. दिराला यातलं काहीच कळलं नाही. त्याने गंमत म्हणून फोन काढला आणि आवाज लावला. खोलीभर घरघराट झाला. अगदी शिट्टीसकट. धाकटी पोट धरून हसली. थोरली हसली नाही, म्हणून मग तीही थांबली, आणि दोघं चहा न घेताच घरी गेली.

थोरली हातात उशी घेऊन तशीच उभी. कुणी तोंडात मारावी तशी. तिच्या हातची एकच गोष्ट होती, ती एक, आणि तीही खोटी निघाली. परक्या तंबूत दोन रात्रींत धाकटीला जे कळलं ते शेजारच्या खाटेवर इतकी वर्षं काढून हिला कळलं नाही.

“आई, तुम्ही नेमक्या झोपता कशा?” तिने विचारलं.

सासूबाईंनी एक बूट काढून बाजूला ठेवला. “पाठीवरच. लहानपणापासून.”

“मग इथे?”

“पाठीवर पडले की घोरते. कुशीवर पडलं की नाही घोरत. झोपेत उलटू नये म्हणून ती वळकटी.” त्या खाली बघूनच बोलत होत्या. “तू पहाटे उठणारी. तुझी झोप ही अशी, नळ ठिबकला तरी उठून बसतेस. ती दोघं तिथे मेल्यासारखी झोपतात, त्यांची काय मोडायची?”

“आणि तो खांदा? रोज मलम चोळते तो?”

“एकाच कुशीवर पडल्यावर धरणारच की गं.”

थोरली खाटेवर बसली. तिला राग आवरेना, आणि नेमका कुणाचा आलाय तेही कळेना. एवढी वर्षं खांदा मोडून घेतला, पण एका शब्दाने बोलला नाहीत, असं ती म्हणाली. मी कानात कापूस घातला असता.

“तुझे सासरेही आधी कापूसच घालायचे,” सासूबाई म्हणाल्या. “मग एक दिवस अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेले. तुम्हा सगळ्यांना वाटायचं, रेडिओ ऐकत झोपायची सवय आहे त्यांना. रेडिओ हे निमित्त. गेले ते शेवटपर्यंत आत झोपायला आले नाहीत. त्यानंतर या खोलीत कुणी खाट आणली ती तू. तूही उचलून नेली असतीस तर?”

थोरलीने डोळे पुसले, नाक ओढलं आणि एकदम कडाडली.

“धाकटीला पहिल्याच रात्री ऐकवलंत. आणि मला भिंतीकडे तोंड?”

“अगं पण...”

“पण नाही नि बिण नाही. आजपासून पाठीवर झोपायचं.”

“आणि तुला झोप नाही लागली तर?”

“नाही लागली तर नाही लागली. दोन रात्री तिला मिळाल्या, बास झाल्या. बाकीच्या सगळ्या माझ्या.”