वाटाल तसा चढणारा बाण

फाटकापासून पाण्याच्या मनोऱ्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण मान वर करून उभा होता. मोडीत निघालेल्या इस्टेटीतला हा जुना दगडी मनोरा. वर लोखंडी टाकी, खाली नळ आणि बाहेरच्या भिंतीवर सोनेरी रंगवलेली उभी पट्टी. नळातून पाणी वाटलं जाई, तसतसा पट्टीवरचा लोखंडी बाण आपोआप वर चढे.

"बघा!" या पाण्याने सगळे रोग बरे होतात असं सांगून ते वाटणारे जलमहाराज नळापाशी उभे राहून गरजले. "पाणी चाललंय खाली, टाकी भरतेय वर! वाटाल तितकं वाढेल! हे गणित नव्हे बाळांनो, ही कृपा!"

"मग रोज सकाळी बाण खाली कसा असतो?" मी विचारलं.

"रात्री देव येऊन पितात!"

सगळे हसले, मला. मी शाळेत गणित शिकवतो आणि तो बाण का चढतो हे मलाही सांगता येत नव्हतं. एरवी मी ते हसून सोडलं असतं, पण रांगेत माझी थोरली बहीण होती. या पाण्याच्या भरवशावर तिने तीन आठवडे मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. पायाची जखम चिघळली होती. असंच चाललं तर बोटं कापावी लागतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घाबरून गेलो होतो.

"ताई, डॉक्टरांकडे चल गं."

"आधी तो बाण का चढतो ते सांग. मग येते."

म्हणून मी पंपवाल्या मावशींना गाठलं. इस्टेट नांदती असताना तीस वर्षं इथला पंप त्यांनीच चालवला होता. त्यांनी बाणाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"मास्तर, उद्या सगळ्यांना मोठी भांडी आणायला सांगा."

दुसऱ्या दिवशी मावशींनी भर गर्दीत हात जोडले. "महाराज, बाटल्यांनी काय होतंय? आज बाण टोकाला न्या. टाकी भरून वाहू दे!"

महाराजांचा चेहरा पडला, पण गर्दीने जयजयकार केला आणि त्यांना नळ सोडावाच लागला. बादल्या आल्या, पिंपं आली, एकाने तर बाळाचा टब आणला. बाण सरसर चढत टोकाला भिडला. नळ गुरगुरला, दोनदा खोकला आणि गप्प झाला.

"कुणाच्या तरी मनात शंका आहे!" महाराज ओरडले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"शंका नाही हो, पाणी नाही," मावशी म्हणाल्या. "टाकीत एक पोकळ डबा तरंगतो. त्याची साखळी कप्पीवरून बाहेर येते आणि तिला हा बाण लटकतो. पाणी उतरलं की डबा खाली, बाण वर. आणि पहाटे फाटक बंद असताना यांचा शिष्य विहिरीवरचा पंप लावतो. माझाच पंप, त्याचा आवाज मला घरात ऐकू येतो!"

मावशी भिंतीला लावलेल्या शिडीवर चढल्या आणि किल्लीने पट्टीच्या टोकाचा सोनेरी रंग खरवडला. खालून जुना आकडा निघाला. शून्य.

महाराज मागच्या दाराने पसार झाले होते. वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: साखळीचं दुसरं टोक कुठे आहे? विचारायला पैसा लागत नाही, शाळाही लागत नाही.

ताईने त्या शून्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या बादलीकडे बोट दाखवून तिने मावशींना विचारलं, "हे पिण्याजोगं तरी आहे का?"

"उकळून."

ताईने बादली झाडाच्या बुंध्याशी रिकामी केली आणि लंगडत माझ्याजवळ आली.

"चल," ती म्हणाली. "दवाखाना किती वाजता बंद होतो?"